चार पुतळ्यांची चार नावं सांगा बघू

सोलापुरात कुठल्याही रिक्षावाल्याला 'चार पुतळा' म्हणा, तो बरोबर आणून सोडतो. पत्ता सांगताना, भेटायचं ठरवताना, मोर्चा काढताना आपण दिवसातून दहा वेळा हा शब्द वापरतो. पण त्या चौघांची नावं विचारून बघा. दोन पटकन येतात, तिसऱ्याला माणूस अडखळतो आणि चौथ्याला हसून वेळ मारून नेतो.

मला हसता येत नाही, कारण ही चूक मी छापून बसलोय.

डिप्लोमा करून नुकताच एका दैनिकात लागलो होतो. १२ जानेवारीची बातमी म्हणजे गेल्या वर्षीची काढायची, तारीख बदलायची, पाहुणे बदलायचे. त्या घाईत हुतात्म्यांची तीनच नावं गेली. पाहुण्यांची मात्र अकराच्या अकरा छापून आली! दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ पेपरची घडी घेऊन ऑफिसात आले. गिरणीतून निवृत्त झालेले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, कुर्बान हुसेन राहिले की. ते पण पेपरवालेच होते."

खरंच होतं ते. आणि मला, पत्रकाराला, ते माहीत नव्हतं.

म्हणून आज जरा लांबडं लिहितोय. वाचाच.

मे १९३०. मिठाचा सत्याग्रह चालू होता. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला आणि त्यात तरुण शंकर शिवदारे गेला. लोक आणखी खवळले. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली गेली, दोन पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्य नावालासुद्धा उरलं नव्हतं. शहराची व्यवस्था लोकांनीच हातात घेतली होती. मग १२ मे रोजी मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. नुसता तिरंगा हातात धरला म्हणून लोकांना शिक्षा झाल्या.

पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात चौघांना फाशी सुनावली गेली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फासावर चढवलं.

नावं परत एकदा सावकाश वाचा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. आपलं गाव तेव्हा कसं होतं हे सांगायला वेगळं भाषण लागत नाही. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचा पेपर चालवायचे, हिंदू-मुसलमानांच्या ऐक्यावर लिहायचे. वय असेल विशी-बाविशीच्या घरातलं. त्या वयात मी जुन्या बातमीची तारीख बदलत होतो.

आता भैय्या चौकाकडे चला. तिथलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर बाहेरून बघितलेले खूप, आत गेलेले किती? १९१० चा जन्म. १९३८ मध्ये जपानच्या हल्ल्याशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे गेले. ठरलेली मुदत संपली तरी ते परतले नाहीत. आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथलीच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि पोरगं काही महिन्यांचं. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत, तिथले मोठे पाहुणे भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत आलेत. सोलापूरची पोरं मात्र त्या चौकातून रोज क्लासला जातात.

हे झाले जुने. आताच्या काळात कोण आहे का?

आहेत की. फक्त त्यांचे पुतळे नाहीत. पूर्वभागात दिवसभर मान खाली घालून विडी वळणाऱ्या बाया बघा. मोजून विड्या द्यायच्या, त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला पडायच्या, उरलेल्याचे पैसे घ्यायचे. या बायांनी घरासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आपला वाटा भरला आणि कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये किल्ल्या मिळाल्या. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर झालं, तिथली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला ताब्यात मिळाली. पुढे होते नरसय्या आडम मास्तर. त्यांचं राजकारण कुणाला पटेल, कुणाला नाही. पण मास्तरांमागे उन्हात चालणाऱ्या त्या हजारो बायांची नावं आपण कुठे लिहून ठेवलीत? मीही नाही ठेवली. मोर्चाच्या बातमीत 'महिलांची लक्षणीय उपस्थिती' एवढं लिहून मोकळा झालो.

आपली सवयच तशी आहे. माणूस जिवंत असताना त्याला गर्दी म्हणायचं, गेल्यावर चौक म्हणायचं. मधे जो माणूस असतो, तो राहून जातो.

ते गृहस्थ त्या दिवशी चहा न घेताच निघून गेले. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. १२ जानेवारीच्या बातमीत पहिल्या ओळीत चार नावं, पाहुणे जागा उरली तर. यावर एक-दोन पाहुणे रुसलेसुद्धा. रुसू देत.

तुम्ही एवढंच करा. पुढच्या वेळी गाडीवर पोरगं मागे बसलेलं असेल आणि चार पुतळ्यापाशी सिग्नल लागला, तर त्याला चारही नावं सांगा. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. सिग्नल सुटायच्या आत सांगून होतात.