चांदी, चंद्र आणि रूपांतर : वृकमानवाची मराठीतील अनुपस्थिती

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव. तेथे घडणारी पैंजणे आणि जोडवी पाहता एक वाङ्मयीन प्रश्न उपस्थित होतो : पौर्णिमेला लांडगा होणारा आणि चांदीच्याच शस्त्राने मरणारा 'वेअरवूल्फ', म्हणजे वृकमानव, मराठी विज्ञानकथेत का रुजला नाही?

या आशयसूत्राला भयाइतकाच हास्याचाही वारसा आहे. पहिल्या शतकातील पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये चांदण्यात लांडगा होणाऱ्या सैनिकाची हकीकत भर पंगतीत सांगितली जाते. चांदीचा संकेत मात्र मुख्यतः 'द वुल्फ मॅन' (१९४१) या चित्रपटाने लोकप्रिय केला. पुढे क्लिफर्ड सिमॅक यांनी 'द वेअरवूल्फ प्रिन्सिपल' (१९६७) या कादंबरीत चांदी वगळली आणि शापाच्या जागी परग्रहावरील जीवांशी झालेला संयोग आणला. तेथे एकाच व्यक्तीत तीन मने नांदतात. त्यांपैकी एकाचे रूप लांडग्यासारखे. 'द गॉब्लिन रिझर्व्हेशन' (१९६८) मध्ये तर भुतेखेते आणि परग्रहवासी एकाच विद्यापीठाच्या परिसरात वावरतात. परका कोण, हा प्रश्न अशा रीतीने माणसावरच हसत हसत उलटतो.

मराठी लोकजीवनातील संकेतव्यूह वेगळा आहे. चांदी येथेही चंद्राचाच धातू. पण ती मारक नाही, ती पायांत रुणझुणते. सोने पायांत घालू नये, या समजुतीने तिला ते स्थान दिले. कोजागरीचा पूर्णचंद्र तर आटवलेल्या दुधात पाहायचा. अशा परंपरेत आयात केलेला वृकमानव निव्वळ चमत्कृती ठरला असता.

या दृष्टीने कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे कथालेखन लक्षणीय ठरते. 'यक्षांची देणगी' (१९७९), 'वामन परत न आला' (१९८६) ही शीर्षकेच विज्ञानकल्पनेला पुराणातील नावे देतात. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत देहाचे रूपांतर आहे; पण ते डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीचे आहे. त्याचे कारण भूमितीत आहे, तर खूण घरोघरी ओळखीच्या असलेल्या गणपतीच्या सोंडेत. त्या कथेतील मिस्कीलपणा या विसंगतीतूनच उमलतो.

तेव्हा वृकमानवाची अनुपस्थिती हे कल्पनादारिद्र्य नव्हे. ती स्वतःच्या प्रतीकांची निवड आहे. तथापि या निवडीची किंमतही नोंदवली पाहिजे. नारळीकरांच्या कथेतील अदलाबदल देहापुरती राहते. रूप पालटल्यावर 'मी' कोण उरतो, हा वृकमानवाने विचारलेला प्रश्न त्या कथेच्या कक्षेबाहेर राहतो.