मामाची दोन बोटं आणि टेबल सॉ

गेल्या वर्षी आम्ही दोघं धाकट्याकडे अमेरिकेत पाच महिने राहून आलो. त्यातला दीड महिना एका करवतीच्या चर्चेत गेला. आमच्या सौ. म्हणतात तसं, "नायगरा बघायला एक दिवस आणि करवत बघायला दीड महिना!"

तर झालं असं. धाकट्याला लॉकडाऊनपासून सुतारकामाचा नाद लागला आहे. गॅरेजमध्ये गाडी नाही, गाडी बाहेर बर्फात. आत रंधे, पटाश्या, फळ्या आणि भुसा. आता त्याला टेबल सॉ घ्यायचा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बिडाच्या सपाट टेबलाला मधोमध एक चीर, तिच्यातून दहा इंची गोल पातं वर आलेलं, खाली मोटर. पातं जागेवर फिरतं आणि लाकूड आपण हातानं त्याच्यावर ढकलायचं. इथे करवत हलत नाही, हात हलतात. सगळी गोम इथेच आहे.

त्याच्या ऑफिसातल्या एका गृहस्थाकडे जुना डेल्टा कंपनीचा 'युनिसॉ' विकायला होता. आम्ही बघायला गेलो. काय यंत्र होतं! खाली बंद लोखंडी कपाट, वर आरशासारखं टेबल. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे घरी आल्यावर आधी त्याची कुंडली काढली. मिलवॉकी शहरात हर्बर्ट टाउट्झ यांनी १९१९ मध्ये ही कंपनी काढली, आणि १९३९ मध्ये युनिसॉ बाजारात आणला. त्यापूर्वी तिरका काप घ्यायचा तर बहुधा टेबलच तिरकं करायला लागे, म्हणजे लाकूड घसरगुंडीवर ठेवून कापायचं. युनिसॉमध्ये टेबल स्थिर राहिलं आणि पातं कलू लागलं. आजही चांगल्या टेबल सॉचा सांगाडा बराचसा तसाच असतो.

किंमतही रास्त. धाकटा घ्यायला तयार. मी सवयीप्रमाणे आणखी थोडे कमी करायला सांग म्हणालो. (अमेरिकेत घासाघीस करत नाहीत असं तो म्हणतो. करतात.) निघताना मी सहज विचारलं, "याच्या पात्याच्या मागची पाचर कुठे आहे?" त्या गृहस्थांना प्रश्नच कळला नाही.

पाचर म्हणजे काय ते मला मामानं शिकवलं होतं.

माझा मामा कोकणात एका वखारीत लाकूड कापायला होता. नाव-गाव सांगत नाही, मालकाची नातवंडं आज भली माणसं आहेत. मामाची सुरुवात दोन माणसी करवतीवर झाली: ओंडका घोडीवर चढवायचा, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. मामा खालचा. ओंडका थोडा कापला गेला की चिरेत लाकडाची पाचर ठोकायची. लाकूड जिवंत असतं, मामा म्हणायचा, कापलं की पुन्हा मिटायला बघतं आणि करवत धरून ठेवतं.

पुढे वखारीत इंजिनवर पट्ट्यानं फिरणारी गोल करवत आली. पात्यावर झाकण नाही, मागे पाचर नाही. गोल पात्याचे पुढचे दात खाली जातात, पण मागचे वर येतात. चीर मिटली की लाकूड त्या मागच्या दातांवर बसतं आणि उलट अंगावर फेकलं जातं. आधार गेलेला हात तेवढ्यात पात्यावर. १९६४ साली सागाच्या एका फळीत गाठ आली. मामाच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मालकानं औषधपाण्याचे पैसे दिले, आणि दोन महिन्यांनी मामाला त्याच वखारीत रखवालदार म्हणून ठेवून घेतलं. मामा ते उपकार म्हणून सांगत असे. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो.

पुढे मास्तरकीत असताना एकदा १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा हातात आला. त्याला जोडलेलं परिशिष्ट वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. माणसाच्या हाताचा तो दरपत्रकच आहे! अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. पूर्ण तर्जनी, १४ टक्के. करंगळी किंवा अनामिका, ७ टक्के. एका हाताची दोन बोटं, २० टक्के. म्हणजे मामाला कायद्यानं काहीतरी मिळायला हवं होतं. आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं २१ वं कलम तर सरळ सांगत होतं की यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घाला. वखारीला तो कायदा लागू होता की नाही हा वकिली प्रश्न झाला. मामाला तर असा कायदा आहे हेही ठाऊक नव्हतं.

असो. तर त्या युनिसॉवरून घरी आलो आणि रात्री मला झोप येईना. उठून धाकट्याच्या कॉम्प्युटरवर गोल करवतीचा इतिहास शोधत बसलो. त्यातलं थोडं सांगतो, कारण त्यात एक लोकप्रिय थाप आहे आणि एक खरी गंमत आहे.

थाप अशी की गोल करवतीचा शोध टॅबिथा बॅबिट नावाच्या बाईनं १८१३ मध्ये लावला. ती मॅसॅच्युसेट्समधल्या शेकर पंथाची. दोघे जण करवत ओढताना तिनं पाहिले. करवत एका दिशेनं जाताना कापते, परत येताना रिकामी येते, म्हणजे निम्मे श्रम वाया. तिनं सूतकताईच्या चाकाला दाताची पत्र्याची चकती लावली. गोष्ट इतकी छान आहे की मी वर्गात नक्की सांगितली असती. पण इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरच्या १७७७ च्या पेटंटमध्ये गोल करवतीचा उल्लेख आहे, तोही असा की जणू ती नवलाईची वस्तूच नव्हे. बाईंनी स्वतंत्रपणे शोध लावलाही असेल. पण पहिला मान त्यांचा नाही.

खरी गंमत त्याच साउदॅम्प्टनची. तिथे वॉल्टर टेलर हा कारखानदार ब्रिटिश आरमाराला कप्प्या पुरवत असे, आणि त्यासाठी गोल करवती वापरत असे. शिडाच्या जहाजावर दोर ओढायला कप्प्या लागतात. एका मोठ्या लढाऊ जहाजाला सुमारे हजार! पुढे पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आराखडे केले, हेन्री मॉडस्ले यांनी यंत्रं घडवली, आणि १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. ११० माणसांचं काम १० माणसं करू लागली, असं नोंदलेलं आहे. उरलेल्या शंभरांचं काय झालं ते कोणी इतक्या ठळकपणे नोंदलेलं नाही. त्याच सुमारास आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी मलबारी सागाची जहाजं बांधत होती. १८१७ मध्ये बांधलेलं 'त्रिंकोमाली' अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं टिकणारा साग! मामाला ऐकून बरं वाटलं असतं.

सकाळी चहाला मी धाकट्याला म्हटलं, "तो जुना घेऊ नकोस."

"बाबा, काल तर तुम्हाला आवडला होता."

"आवडला. पण पाचर नाही."

त्याला वाटलं म्हातारा हट्टाला पेटला. पण मुलगा गुणी आहे, दोन दिवस त्यानंही वाचलं. ब्रिटनमध्ये ही पाचर, तिकडे तिला 'रिव्हिंग नाइफ' म्हणतात, १९२२ च्या नियमांपासून कारखान्यांत सक्तीची आहे. अमेरिकेत नव्या टेबल सॉंमध्ये ती सर्रास यायला २००८ नंतरचा काळ उजाडला. एवढ्या पुढारलेल्या देशात साध्या लोखंडी पट्टीला ८६ वर्षं! तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या आकड्यांप्रमाणे टेबल सॉच्या पात्याला लागून वर्षाला तीस हजारांवर माणसं दवाखान्यात जातात, आणि दिवसाला सरासरी दहा जणांचं बोट वा हाताचा एखादा भाग कापला जातो.

मग तो स्टीफन गॅस यांच्या करवतीपर्यंत आला. हे गृहस्थ ओरेगॉन राज्यातले पेटंटचे वकील, भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट, आणि हौशी सुतार. १९९९ मध्ये त्यांना कल्पना सुचली. पात्यावर बारीकसा विजेचा संकेत सोडायचा. लाकूड वीज फारशी ओढत नाही, माणसाचं शरीर ओढतं. बोट लागलं की संकेत बदलतो, एक तार वितळते, स्प्रिंग सुटते आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. पातं थांबतं आणि टेबलाखाली जातं. हे सगळं सेकंदाच्या दोनशेव्या भागात. मी कागदावर हिशेब केला: मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या दहा इंची पात्याचा दात ताशी १९० किलोमीटरनं पळतो, पण या वेळात पात्याचा जेमतेम एक तृतीयांश फेरा होतो. हात सेकंदाला फूटभर वेगानं गेला तरी दीड मिलिमीटर आत जाईल. म्हणजे टाका नाहीतर पट्टी. गॅस यांनी आधी सॉसेजवर प्रयोग केले आणि मग एक दिवस स्वतःचं बोट घातलं!

मोठ्या कंपन्यांनी मात्र ही युक्ती घेतली नाही. रॉयल्टी फार मागतात, यंत्र महाग होईल, ही कारणं. आणि एकदा हे बसवलं की आधीची यंत्रं असुरक्षित होती असं कबूल केल्यासारखं होईल, ही भीतीही असणारच. मग गॅस आणि सहकाऱ्यांनी 'सॉस्टॉप' ही स्वतःची कंपनी काढून २००४ च्या सुमारास यंत्रं विकायला सुरुवात केली. २०१० मध्ये बॉस्टनच्या ज्युरीनं जखमी झालेल्या एका कामगाराला दुसऱ्या कंपनीकडून पंधरा लाख डॉलर देवविले, मुद्दा हाच की असं तंत्र उपलब्ध असून वापरलं नाही.

इथपर्यंत मी गॅस यांच्या बाजूनं पूर्णपणे होतो. पण बॉश कंपनीनं स्वतःची बोट वाचवणारी करवत आणली, तेव्हा सॉस्टॉपनंच पेटंटभंगाची तक्रार केली आणि २०१७ मध्ये तिची अमेरिकेतली आयात बंद झाली. त्याच वर्षी सॉस्टॉप एका जर्मन उद्योगसमूहानं विकत घेतली. २०२४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की सरकारनं सक्तीचा नियम केला तर एक महत्त्वाचं पेटंट सर्वांना खुलं करू. कायद्यानं त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, शोध त्यांचा होता. पण बोटं वाचवणारी दुसरी करवत दुकानातून काढायला लावायची, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

धाकट्यानं शेवटी सॉस्टॉपच घेतला. युनिसॉच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले. सौ. म्हणाल्या, "बोटं काय भावानं मिळतात?" चर्चा संपली.

मग जोडणी. दोन शनिवार आणि एक रविवार. बाजूच्या बिडाच्या पाट्या चढवायला शेजारचा तरुण आला. गॅरेजमध्ये २२० व्होल्टची जोडणी करायला इलेक्ट्रिशियन आला, त्याचं बिल मी पाहिलं नाही, पाहायचंही नव्हतं. पातं टेबलाच्या खाचेला समांतर आहे का ते पाहण्यात अख्खी दुपार गेली. या कामात मला मान मिळाला, कारण अमेरिकेत अजून इंच चालतो आणि मी मामाच्या तालमीतला, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे बोटावर. धाकटा "थ्री एट्थ्स" म्हणे, मी "तीन सूत" म्हणे, जमलं. उभ्या कापाला २४ दातांचं पातं, आडव्याला ८० दातांचं. टेबल गंजू नये म्हणून मेण. मागे लाकूड झेलायला वेगळं टेबल आम्हीच बनवलं. आणि लाकूड ढकलायची काठी, जिच्यामुळे हात पात्यापासून लांब राहतो, ती मी स्वतः मेपलच्या तुकड्यातून घासून केली.

आता कबुली. निघायच्या आठवड्यात मी एकटाच सौ.साठी पाट करत होतो. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काप सरळ यावा म्हणून लावलेली, आणि ती नेमकी पात्याच्या वाटेत राहिली. धातूलाही यंत्र बोटच समजतं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि पातं नाहीसं झालं. घरातून सगळे धावत आले. मी हात वर करून दहा बोटं दाखवली. ठोकळा गेला, नवं पातं गेलं, दोन्हींचा खर्च माझ्या नावावर. धाकटा काही बोलला नाही, फक्त माझे दोन्ही हात धरून एकदा पालथे करून पाहिले.

तो ठोकळा, त्यात रुतलेल्या पात्यासकट, मी मोठ्या बॅगेत घालून घरी आणला. गणपतीत गावी गेलो तेव्हा मामेभावाला दाखवला. मामा जाऊन आता बावीस वर्षं झाली. मामेभावानं तो हातात घेतला, उलटसुलट केला, दात किती खोल गेलेत ते नखानं पाहिलं. केवढ्याला पडतो म्हणून विचारलं. मी आकडा रुपयांत सांगितला.

"एवढाच?" तो म्हणाला, आणि ठोकळा परत मला न देता ओसरीच्या फळीवर, मामाच्या रंध्याशेजारी ठेवून आला.