तळटीप १२ : बोलशॉय

१२. बोलशॉय : मॉस्कोची प्रसिद्ध नृत्यसंस्था इथे अभिप्रेत नाही. मुंबईचे इंग्रजी पत्रकार बेहराम काँट्रॅक्टर (१९३०–२००१) यांच्या स्तंभातल्या बॉक्सर जातीच्या कुत्र्याचे हे नाव. ‘बिझी बी’ या टोपणनावाने ते ‘राउंड अँड अबाउट’ हा स्तंभ लिहीत. त्यात बायको, दोन मुलगे आणि हा बोलशॉय अशी ठरलेली मंडळी असत. कुत्रा मालकापेक्षा शहाणा, आणि शहराच्या कारभारावर बोलायलाही मोकळा. सरकारवरची टीका कुत्र्याच्या तोंडी घालण्यातली सोय उघड आहे. स्तंभ १९६६ साली ‘इव्हनिंग न्यूज ऑफ इंडिया’त सुरू झाला, पुढे ‘मिड-डे’त गेला आणि १९८५पासून काँट्रॅक्टर यांनीच काढलेल्या ‘आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरिअर’मध्ये येत राहिला. बातमीदारी, संपादन आणि विनोद यांखेरीज उपाहारगृहांची परीक्षणे हा त्यांचा आणखी एक प्रांत. मुंबईत कुठे काय खावे हे त्यांच्या लेखांवरून ठरवणारे वाचक पुष्कळ होते. पुढच्याच परिच्छेदात लेखक ‘बिझी बीने सांगितले म्हणून’ धनसाक खायला जातो, ते याच लेखांमुळे. मात्र ‘आफ्टरनून’चा अंक आपण ‘सकाळच्या चहाबरोबर’ वाचत असू, असे लेखक म्हणतो, तिथे त्याची स्मृती दगा देते आहे. तो नावाप्रमाणे दुपारी निघे. तेव्हा ही आठवण परतीच्या लोकलमधली धरावी.