ग्रंथपालाची जागा

मुंबईतील परळची हाफकिन संस्था आपल्यापैकी बहुतेकांना पोलिओच्या लसीमुळे परिचित आहे. जिच्या नावे ही संस्था उभी आहे, त्या व्यक्तीची उमेदवारीची वर्षे कोणाच्या आश्रयाने निभावली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ. धर्मांतर करण्याचे त्यांनी नाकारल्याने रशियातील विद्यापीठांची दारे त्यांना बंद झाली. १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले, तेव्हा तेथे जागा शिल्लक होती ती केवळ ग्रंथालयात. ती त्यांनी स्वीकारली. चरितार्थासाठी पुस्तके सांभाळावीत आणि उरल्या वेळी प्रयोगशाळेत सूक्ष्म जीवांचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता.

ही संस्था सरकारी तिजोरीतून उभी राहिलेली नव्हती. लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर लस शोधली आणि त्यानंतर देशोदेशींच्या लोकांनी मिळून सुमारे २५ लाख फ्रँक जमविले. त्यात रशियाचा झार होता, तशाच ‘बाँ मार्शे’ या पॅरिसमधील प्रसिद्ध दुकानाच्या मालकीण श्रीमती बुसिको याही होत्या. त्यांचे पती फिरत्या कापडविक्यापासून त्या पदाला पोहोचले होते. आम्हा कापडवाल्यांना हा तपशील विशेष सुखावतो! १८८८ साली संस्थेचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी येणाऱ्या एका निर्वासित तरुणाला या पैशाने टेबल, दिवा आणि सूक्ष्मदर्शक मिळेल, हे या दात्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

तीन वर्षांनी, १८ जुलै १८९२ रोजी, हाफकिन यांनी पटकीवरील आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा आणि आपल्या अनेक कच्छी जैन बंधूंच्या पेढ्यांचा मुलूख. पाहता पाहता बाजार ओस पडला. हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक ओसरी, एक कारकून व तीन शिपाई देण्यात आले. एवढ्याच सामग्रीवर त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःलाच टोचली. खोली अपुरी पडू लागली तेव्हा तिसरे आगाखान यांनी आपला ‘खुशरू लॉज’ हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला आणि लोकांची भीती जावी म्हणून स्वतः चारचौघांसमोर लस टोचून घेतली. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम विसाच्या आसपास होते. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

आश्रय काढून घेतला की काय होते, हेही याच चरित्रात दिसते. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष गावात कुपी उघडतानाच्या हलगर्जीचा असल्याचे पुढे निष्पन्न झाले. परंतु हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. तोवर ऐन कर्तृत्वाची पाच वर्षे वाया गेली होती.

दानपत्रांत इमारतीला खर्च लिहिणे सोपे असते, कोनशिलेवर नावही येते. होतकरू संशोधकाची पाच वर्षे मात्र कोणत्या खात्यावर टाकावीत, हा प्रश्न व्यापारी माणसाला पडतोच. औषधांचे व्यापारी हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रातून १९३६ मध्ये निघालेल्या लंडनच्या न्यासाने तो सोडविला. २००८ पासून त्याने भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या भागीदारीने येथील तरुण संशोधकांनाही शिष्यवृत्त्या दिल्या.

हाफकिन यांनी स्वतःची पुंजीही विद्यार्थ्यांच्याच नावे केली. १९२९ साली त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांसाठी निधी स्थापन केला. अट एवढीच घातली, की तेथे धर्माबरोबर विज्ञानही शिकविले जावे.