प्रसूतीची रजा संपताना...

बाळ ओळखीचे हसू लागते, कुशीवर वळू लागते आणि नेमकी तेव्हाच कामावर रुजू होण्याची तारीख जवळ येते. आठवडाभर आधीपासून पोटात गोळा येणे, बाळ शांत झोपले असतानाही स्वतःचा डोळा न लागणे, कार्यालयातून आलेला फोन उचलणे टाळणे, क्षुल्लक कारणावरून रडू कोसळणे असे अनुभव नोकरदार मातांमध्ये सर्रास आढळतात. 'बाळाला सोडून कशी जाऊ?' हा प्रश्न उघडपणे बोलला जातो. 'मला आता काम जमेल का?' हा दुसरा प्रश्न मात्र बहुधा मनातच राहतो. पहिल्याला घरातून सहानुभूती मिळते, दुसऱ्याला ती क्वचितच मिळते. वास्तविक दोन्हींचा विचार एकाच वेळी व्हायला हवा.

टाळल्याने चिंता वाढते

ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की तेवढ्यापुरते बरे वाटते. परंतु 'टाळले म्हणून निभावले' अशी मनाची समजूत होते आणि पुढच्या वेळी भीती अधिक मोठी होऊन उभी राहते. चिंतेचे हे चक्र वर्तनोपचारात फार पूर्वीपासून परिचित आहे. भीतीच्या गोष्टीला लहान लहान पायऱ्यांनी सामोरे जाणे हाच त्यावरील उपाय. रजेच्या शेवटच्या दिवसापर्यंत कामाचा विषयच न काढणे, ही घरातील वडीलधाऱ्यांनी मायेने दिलेली सूट म्हणूनच फारशी उपयोगाची ठरत नाही.

बाळाचे वय किती?

भारतात पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होण्यापूर्वी ती १२ आठवड्यांची होती. या २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. हा हिशेब वरवर साधा वाटतो, पण चिंतेचे स्वरूप त्यावरच ठरते.

आठ आठवडे आधी घेतलेली आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यायचे असल्याने या आईपुढील मुख्य प्रश्न दुधाचा असतो. प्रसूतीच्या दिवसापर्यंत काम केलेली आई परतते तेव्हा बाळ सहा महिन्यांचे असते. ते नाचणीचे सत्त्व, खिमट, मऊ भात खाऊ लागते आणि दुधाचा प्रश्न सौम्य होतो. मात्र साधारण सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास बाळ अनोळखी माणसाला बिचकू लागते आणि आई दिसेनाशी झाली की रडते. ही वाढीतील नेहमीची पायरी आहे. आई नोकरीला गेली म्हणून बाळ 'बिथरले', असा अर्थ काढून तिला दोषी ठरवणाऱ्या शेजारणींना हे कोणीतरी सांगायला हवे.

रंगीत तालीम

बाळाला सांभाळणारी व्यक्ती, मग ती आजी असो, बाई असो वा पाळणाघर, रजा संपण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी निश्चित व्हावी. आरंभी आई घरात असतानाच बाळाने त्या व्यक्तीजवळ राहावे. मग आईने अर्धा तास बाहेर जावे, पुढे दोन तास आणि अखेरीस पूर्ण दिवस. निघताना बाळाची नजर चुकवून पळ काढण्यापेक्षा थोडक्यात निरोप घेऊन जावे. असा निरोप रोज सारखाच असला की बाळाला त्याची सवय होते.

पूर्ण दिवसाचा अंदाज मात्र खरा असावा. डोंबिवली किंवा विरारहून दक्षिण मुंबईत जाणाऱ्या स्त्रीची कार्यालयीन वेळ नऊ तासांची असली, तरी येण्याजाण्याचा वेळ धरून ती जवळपास बारा तास घराबाहेर असते. तालीम या बारा तासांची हवी. एकदा गर्दीच्या वेळी लोकलने जाऊन यावे, जमल्यास कार्यालयातही डोकावून यावे. कामात काय बदलले, कोणती जबाबदारी दुसऱ्याकडे गेली, हे वरिष्ठांना आधीच विचारलेले बरे. पहिल्या दिवशी धडधडत्या छातीने ते शोधत बसण्याची वेळ येत नाही. रुजू होण्याचा दिवस सोमवारऐवजी बुधवार किंवा गुरुवार ठरवता आला, तर पहिला आठवडा दोन-तीन दिवसांतच संपतो.

दूध काढून ठेवण्याचा सरावही याच काळात करावा. हात आणि भांडी स्वच्छ धुऊन काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास, तर फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते. आपल्याकडील उन्हाळ्यात घरातील तापमान याहून सहज अधिक असते, त्यामुळे दूध थेट फ्रीजमध्ये ठेवणेच श्रेयस्कर. प्रत्येक भांड्यावर तारीख लिहावी. दूध उकळू नये, भांडे कोमट पाण्यात ठेवून ते कोमट करावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. कार्यालयात दूध काढण्यासाठी बंद दार असलेली जागा आहे का, याची चौकशी आधीच करावी. स्वच्छतागृह ही त्यासाठीची जागा नव्हे.

हक्क माहीत असावेत

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक असून आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुटी मिळते. कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करता येते. रजेच्या काळात त्या कारणाने कामावरून काढणे बेकायदा आहे. या तरतुदी २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातील पाळणाघर यांत अंतर असते हे खरेच, आणि असंघटित क्षेत्रातील असंख्य स्त्रियांपर्यंत ही रजाच पोहोचत नाही. तरीही मागणी लेखी करावी.

'च'चा हट्ट

विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. माणसाला अस्वस्थ करते ती केवळ घटना नव्हे, तर तिच्याविषयीची हटवादी मागणीही. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. 'मी पहिल्याच दिवसापासून पूर्वीइतकेच काम केलेच पाहिजे', 'बाळाला माझ्याचकडे झोप लागली पाहिजे'. यातील 'च' काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहावे. 'पूर्वीइतके काम जमले तर बरे, पण महिनाभर नाही जमले तरी नोकरी बुडत नाही' हे वाक्य अधिक खरे आहे. बाळ आजीकडे झोपले म्हणून आईचे स्थान हलत नाही.

अर्थात, हा सगळा भार एकट्या आईने वाहायचा नाही. लसीकरणाची तारीख, रात्रीचे एक जागरण, पाळणाघरातून येणारा फोन यांतील काही गोष्टी बाळाच्या वडिलांच्या नावावर स्पष्टपणे टाकाव्यात. 'मदत करतो' आणि 'माझे काम आहे' यांतील फरक रुजू होण्याच्या पहिल्या आठवड्यातच कळतो.

डॉक्टरांकडे केव्हा?

प्रसूतीनंतरचे काही दिवस मन हळवे असणे स्वाभाविक आहे. परंतु उदासी किंवा चिंता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, बाळाविषयी परकेपणा वाटू लागला, तर ती केवळ नोकरीची धाकधूक नसते. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी व आईला एकटे सोडू नये. प्रसूतिपश्चात नैराश्याची शक्यता पडताळण्यासाठी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. औषध घ्यावे लागले तर दूध तोडावे लागेल, या भीतीने अनेक जणी डॉक्टरांकडे जाणे लांबवतात. स्तनपान सुरू असताना वैद्यकीय सल्ल्याने घेता येतील अशी औषधे उपलब्ध आहेत. बाळ अंगावर पिते, एवढे मात्र डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.