दिवसाढवळ्या दुचाकीचा हेडलाइट सुरू का असतो? अंतरवाली सराटीच्या रस्त्यावरून समजून घ्या 'एएचओ'चा नियम

"ओ दादा, लाईट चालू आहे!"

2017 नंतर नवी बाईक किंवा स्कूटर घेतलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलं असेल. समोरून येणारा माणूस हाताची मूठ उघडझाप करून खूण करतो, सिग्नलला शेजारचे काका काळजीने सांगतात आणि आपण "नवीन गाड्यांना असंच असतं" म्हणत पुढे जातो. आता बहुतेकांना याची सवय झाली आहे. पण हा दिवा बंद का करता येत नाही, तो नक्की काय करतो आणि काय करू शकत नाही, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

त्यासाठी उदाहरण घेऊया जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचं. अंबड तालुक्यातलं हे गाव 2023 पासून मराठा आरक्षण आंदोलनामुळे राज्यभर माहीत झालं. रस्त्याच्या दृष्टीने पाहिलं तर मराठवाड्यातल्या शेकडो गावांसारखंच आहे. जवळच वडीगोद्री. तिथून धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 जातो. आजूबाजूला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं आणि गोदाकाठचं ऊस क्षेत्र आहे, अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. म्हणजे एकाच भागात महामार्गावरून सुसाट जाणारी कार, एसटी, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आणि शेतातून घरी निघालेली दुचाकी. यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात उघडी असते ती दुचाकी.

एएचओ म्हणजे काय?

एएचओ म्हणजे 'ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन'. इंजिन सुरू झालं की हेडलाइट आपोआप लागतो आणि इंजिन बंद केलं की विझतो. जुन्या गाड्यांच्या उजव्या मुठीजवळ दिवा चालू-बंद करण्याचं बटण असायचं. नव्या गाड्यांमध्ये ते काढून टाकलं आहे. अप्पर-डिपरचं बटण मात्र कायम आहे.

भारतात 1 एप्रिल 2017 पासून तयार होणाऱ्या नव्या दुचाकींना ही सोय बंधनकारक झाली. सर्वोच्च न्यायालयाने रस्ते सुरक्षेसाठी 2014 मध्ये एक समिती नेमली होती. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन हे तिचे अध्यक्ष होते. दुचाकीस्वारांचे वाढते मृत्यू पाहून या समितीने एएचओची शिफारस केली आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियमांत तसा बदल केला.

हीच तारीख अनेकांना दुसऱ्या कारणासाठी आठवत असेल. 1 एप्रिल 2017 पासूनच देशात बीएस-3 गाड्यांची विक्री थांबली. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल 29 मार्चला आला आणि पुढचे दोन दिवस शोरूमसमोर रांगा लागल्या, कारण उरलेल्या गाड्यांवर कंपन्यांनी हजारो रुपयांची सूट दिली होती. त्या काळात किंवा त्याआधी घेतलेल्या असंख्य गाड्या आजही खेड्यापाड्यांत धावत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना एएचओ नाही. त्यामुळे 'आता सगळ्याच दुचाकींचे दिवे सुरू असतात' हा समज बरोबर नाही.

भर उन्हात दिवा कशाला?

रात्री दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून लावतो. दिवसाचा दिवा आपण इतरांना दिसावं म्हणून असतो. या दोन कामांची गल्लत केली की "उन्हात दिव्याचा काय उपयोग?" हा प्रश्न पडतो.

मुद्दा आकाराचा आहे. समोरून पाहिलं तर कारची रुंदी साधारण पावणेदोन मीटर असते, दुचाकी आणि तिच्यावरचा माणूस जेमतेम पाऊण मीटर. 200 मीटरवरची दुचाकी आपल्या डोळ्याला पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीपेक्षाही बारीक दिसते. त्यात तिच्या मागे बाभळीची रांग, उसाचा फड किंवा दुसरं वाहन असेल, तर ती त्या पार्श्वभूमीत मिसळून जाते.

दुसरा मुद्दा हालचालीचा. आडवी जाणारी गोष्ट आपल्या नजरेत पटकन भरते. सरळ आपल्याकडे येणारी गोष्ट मात्र बराच वेळ एकाच जागी उभी असल्यासारखी वाटते. तिचा आकार आधी अगदी हळू वाढतो आणि जवळ आल्यावर अचानक मोठा होतो. 200 मीटरवरून 100 मीटरवर येताना ती दुप्पट दिसते, आणि 20 वरून 10 मीटरवर येतानाही दुप्पटच. फक्त दुसऱ्या वेळी ते क्षणार्धात घडतं. शिवाय लहान दिसणारी वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा लांब वाटते. त्यामुळे समोरचा चालक "दुचाकी अजून लांब आहे, मी निघून जाईन" असा अंदाज बांधतो आणि तो चुकतो.

अपघातानंतर "मी बघितलं होतं, पण मला कुणी दिसलंच नाही" असं चालक सांगतात. प्रत्येक वेळी ते खोटं बोलत नसतात. नजर तिकडे गेलेली असते, पण मेंदूने दुचाकीची नोंदच घेतलेली नसते. पेटलेला दिवा हीच नोंद घ्यायला लावतो. आसपासच्या रंगांपेक्षा तो वेगळा आणि तेजस्वी असतो, त्यामुळे नजर त्याच्यावर अडखळते.

साडेपाच सेकंदांचा हिशोब

आता हे अंबड तालुक्यातल्या एखाद्या दुपदरी रस्त्यावर ठेवून पाहू. पुढे उसाची ट्रॉली हळूहळू चालली आहे. मागच्या जीपला ओव्हरटेक करायचा आहे. जीपचा वेग ताशी 80 किलोमीटर, समोरून येणाऱ्या दुचाकीचा 50. दोघं एकमेकांकडे ताशी 130 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 36 मीटर या वेगाने येत आहेत. दोघांमध्ये 200 मीटर अंतर असेल तर समोरासमोर यायला साडेपाच सेकंद लागतात.

जीपचालकाला दुचाकी 200 मीटरवर दिसली तर तो ट्रॉलीच्या मागेच थांबेल. 100 मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंदही उरत नाहीत आणि तोपर्यंत जीप उजव्या बाजूला आलेली असते. दिवसाचा हेडलाइट हेच मधले दोन-तीन सेकंद मिळवून देतो. त्याचं मोल एवढंच आहे, पण अशा रस्त्यावर तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं.

जगात काय अनुभव आहे?

ही कल्पना भारतात जन्मलेली नाही. उत्तर युरोपात हिवाळ्यात दिवस लहान आणि उजेड मंद असतो. फिनलंडने 1972 मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यापुरते दिवसाही दिवे लावणं बंधनकारक केलं. स्वीडनने 1977 मध्ये सगळ्या मोटार वाहनांसाठी वर्षभराचा नियम केला. पुढे नॉर्वे आणि डेन्मार्कही त्याच वाटेने गेले. युरोपीय संघात 2011 पासून नव्या मॉडेलच्या कारना दिवसा लागणारे वेगळे दिवे, म्हणजे डीआरएल, सक्तीचे झाले.

"तिकडे धुकं असतं, आपल्याकडे लख्ख ऊन" असं कुणी म्हणेल. म्हणून मलेशियाचं उदाहरण महत्त्वाचं ठरतं. तिथलं ऊन कडक आहे आणि रस्त्यांवर दुचाकींची गर्दीही आपल्यासारखीच. मलेशियाने 1992 मध्ये दुचाकींना दिवसा हेडलाइट सक्तीचा केला. नंतरच्या अभ्यासात, दुचाकी वेळेत न दिसल्यामुळे होणारे अपघात सुमारे 29 टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. ही घट सगळ्या अपघातांमधली नाही, फक्त 'न दिसल्यामुळे' होणाऱ्या अपघातांमधली आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

अमेरिकेत 1981 मध्ये आलेला 'हर्ट रिपोर्ट' याआधीचा. लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 दुचाकी अपघातांच्या जागी जाऊन हा अभ्यास झाला होता. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत समोरच्या वाहनचालकाने दुचाकीची वाट अडवली होती, आणि दुचाकी वेळेत लक्षात न येणं हे त्यामागचं मोठं कारण होतं.

सगळीकडे मात्र एकमत नाही. ऑस्ट्रियाने 2005 मध्ये सगळ्या वाहनांना दिवसा दिवे सक्तीचे केले आणि 2008 च्या सुरुवातीला नियम मागे घेतला. सगळ्यांचेच दिवे पेटले तर दुचाकी, सायकलस्वार आणि पायी चालणारे उलट कमी उठून दिसतील, हा तिथल्या वादातला एक मुद्दा होता. भारतात ही सक्ती दुचाकींनाच लागू झाल्यामुळे दुचाकीचं वेगळेपण टिकतं.

मग भारतात मृत्यू कमी झाले का?

एकूण आकड्यांवरून तसं दिसत नाही. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार 2016 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,50,785 जणांचा मृत्यू झाला. 2022 मध्ये हा आकडा 1,68,491 होता. त्यातले 74,897 जण, म्हणजे साधारण 44.5 टक्के, दुचाकीवरचे होते. 2016 मध्ये हे प्रमाण 34.8 टक्के होतं. एकट्या महाराष्ट्रात 2022 मध्ये 15,224 जणांनी रस्त्यावर जीव गमावला.

याचा अर्थ एएचओ निकामी ठरला असा होत नाही. या काळात दुचाकींची संख्या वाढली, रस्ते रुंद झाले आणि वेगही वाढला. हेल्मेट नसणं, भरधाव वेग, उलट्या दिशेने येणं या कारणांवर दिवा काहीच करू शकत नाही. त्याचं काम दिसण्यापुरतंच आहे.

हा दिवा कुठे कमी पडतो?

पहिली जागा म्हणजे फाटा. गावातून किंवा शेतातून आलेला रस्ता जिथे महामार्गाला मिळतो, तिथे दुचाकीचं तोंड महामार्गाला काटकोनात असतं. हेडलाइटचा झोत समोर पडतो, पण भरधाव वाहन येतं बाजूने. त्या चालकाला दिवा नीट दिसतच नाही. म्हणजे गावकऱ्यांसाठी सगळ्यात धोक्याच्या जागी हा दिवा सगळ्यात कमी उपयोगाचा. तिथे कामाला येतं ते थांबणं आणि दोन्हीकडे पाहणं. ताशी 100 किलोमीटरने येणारी कार एका सेकंदात जवळपास 28 मीटर अंतर कापते.

दुसरी जागा म्हणजे चौपदरी रस्त्याची उलटी बाजू. दुभाजकातली मोकळी जागा लांब असली की 'एवढंसं तर जायचंय' म्हणून दुचाकी उलट्या दिशेने घातली जाते. दिवा सुरू असला तरी त्या बाजूला समोरून कुणी येईल ही अपेक्षाच चालकाला नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे पाठीमागची बाजू. एएचओ असलेल्या गाडीचा मागचा दिवाही सुरू असतो, पण चिखलाने माखलेला किंवा उडालेला असेल तर त्याचा उपयोग काय?

चौथी अडचण उसाच्या ट्रॉलीची. एएचओचा नियम ट्रॅक्टर-ट्रॉलीला लागू नाही. साधारण नोव्हेंबरपासून गाळप हंगाम रंगात येतो, तेव्हा इकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत, शिवाय उजेड पुरेसा नसेल तेव्हा केव्हाही, वाहनाचे दिवे लागलेले असायला हवेत. प्रत्यक्षात दिवेलागणीच्या त्या अर्ध्या तासात 'अजून दिसतंय की' म्हणून दिवे बंदच राहतात. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा मागचा भाग तर उसाच्याच रंगाचा. म्हणून दर हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घ्याव्या लागतात.

बॅटरी उतरते का? पेट्रोल जास्त लागतं का?

बॅटरी उतरत नाही. हा दिवा इंजिन सुरू असतानाच लागतो आणि तेव्हा वीज तयार करण्याचं काम इंजिनच करत असतं.

पेट्रोलवर किंचित भार पडतो. साध्या बाईकचा हॅलोजन बल्ब 35 वॅटचा असतो, तर 100 सीसी इंजिनाची कमाल ताकद 6 किलोवॅटच्या जवळपास. त्या हिशोबाने भार फारच कमी आहे, आणि एलईडी दिवा असेल तर आणखी कमी. बल्ब थोडा लवकर जाऊ शकतो, पण एका बल्बची किंमत काही फार नाही.

तरीही काही जण मेकॅनिककडून वायर तोडून वेगळं बटण बसवून घेतात. यातून वाचतं फार थोडं आणि जाते ती सुरक्षेसाठी दिलेली सोय.

तुम्ही काय करू शकता?

- गाडी 2017 आधीची असेल तर दिवसाही स्वतःहून हेडलाइट लावा. त्याला कुठलीही मनाई नाही. इंजिन बंद करताना दिवा बंद करायला मात्र विसरू नका, कारण जुन्या गाडीत तो बॅटरीवर सुरू राहू शकतो.
- दिवस असो की रात्र, समोरून वाहन येत असेल तर दिवा डिपरवर ठेवा. अप्परचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर येतो आणि त्याला तुमचा अंदाज येत नाही.
- बाजारातले डोळे दिपवणारे पांढरे एलईडी लावू नका. त्यांचा झोत बऱ्याचदा कंपनीच्या दिव्यासारखा खाली वळलेला नसतो.
- हेडलाइटची काच आणि मागचा दिवा आठवड्यातून एकदा तरी पुसा.
- हेल्मेट आणि कपडे फिकट किंवा भडक रंगाचे असतील तर बाजूनेही तुम्ही दिसता. फाट्यावर हेच उपयोगी पडतं.
- ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावा, आणि ऊस भरल्यावर ते झाकले तर गेले नाहीत ना, हे निघण्याआधी पाहा.
- कारचालक असाल तर पाऊस, धुकं आणि दिवेलागणीच्या वेळी पार्किंग लाइटवर भागवू नका, हेडलाइट लावा.

आणि पुढच्या वेळी कुणी "लाईट चालू आहे" अशी खूण केली, तर चिडण्यासारखं काही नाही. तुम्ही त्यांना लांबूनच दिसलात, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिव्याचं कामही तेवढंच आहे.