छतावरचा फुगवटा

१/ फोर्डच्या ‘जीटी४०’ या शर्यतीच्या मोटारीची उंची जेमतेम ४० इंच. नावातला आकडा तिथूनच आला. हवेचा विरोध घटावा म्हणून छत इतके खाली ठेवलेले.

२/ १९६७ साली फ्रान्समधील ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी तिची ‘मार्क ४’ आवृत्ती सिद्ध झाली. चालक डॅन गर्नी मात्र सहा फुटांहून बराच उंच. हेल्मेट घालून बसण्यास छताखाली जागाच पुरेना.

३/ अखेर त्याच्या डोक्यावरील भागात छताला फुगवटा देण्यात आला. गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी त्याच मोटारीतून ५,२०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापून शर्यत जिंकली.

४/ तो फुगवटा ‘गर्नी बबल’ म्हणून ओळखला जातो. यंत्रांच्या इतिहासात वेगाचे आकडे आपण वाचतोच; माणसाच्या मापाची ही खूणही वाचावी.